न वाजलेली तोफ बिघडते ती कशी? रिकॉइल यंत्रणेची निगा

हवालदार टिफी (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी लष्कराच्या ईएमईत, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, तोफांचा आर्टिफिसर (दुरुस्तीचा कुशल कारागीर) होतो. तोफखान्यातली पोरं आम्हाला टिफी म्हणतात, तेच नाव इथे घेतलंय. चोवीस वर्षं नोकरी झाली, आता नाशिकरोडला असतो. गेल्या आठवड्यात पुतण्याच्या मुलाने विचारलं, "आजोबा, गाडी चालवली की झिजते. तोफ तर वर्षातून मोजके दिवस उडते. मग बाकीचे दिवस तुम्ही तिचं काय करत होता?" त्याला सांगता सांगता दोन तास गेले, म्हणून म्हटलं इथेही लिहावं.

तोफ म्हटली की लोकांना नळी दिसते. आमचा जीव नळीला धरून असलेल्या सिलिंडरांत अडकलेला असायचा. एक बफर आणि दुसरा रिक्युपरेटर. गोळा सुटला की नळी क्रेडलवरून, म्हणजे तिला धरणाऱ्या पाळण्यावरून, मागे येते; हाच रिकॉइल. तिच्यासोबत बफरमधला पिस्टन ओढला जातो, तेलाला अरुंद वाटेने पलीकडे जावं लागतं आणि धक्क्याची ताकद तेलात उष्णता होऊन जिरते. त्याच वेळी रिक्युपरेटरमधला नायट्रोजन आणखी दाबला जातो. नळी थांबली की तोच वायू तिला पुन्हा पुढे लोटतो. याला आम्ही रन-आउट म्हणतो. पुढे येताना शेवटच्या वीतभर अंतरात ती आपटू नये म्हणून तिथे वेगळा अडसर असतो. तेल तापून फुगतं, त्या वाढीव तेलाला जागा द्यायला आणि कमी पडलं तर पुरवायला एक छोटी टाकी असते, ती रिप्लेनिशर. मोटारसायकलचा शॉकअप ज्याने उघडून पाहिलाय त्याला यातलं निम्मं कळेल.

आता मूळ प्रश्न. उभी तोफ बिघडते, आणि पुष्कळदा वाजणाऱ्या तोफेपेक्षा लवकर. तेल अडवणारं सील महिनोन्महिने एकाच जागी दाबलेलं राहतं आणि त्याच आकारात बसतं. मग पहिल्या गोळ्याला नळी सरकते, पण सीलला तितक्या लवकर सावरता येत नाही आणि तेल डोकावतं. सिलिंडरच्या ज्या भागावर तेल उभं नसतं तिथला तेलाचा पातळ थर हळूहळू ओघळून जातो. आत ओल असेल तर त्या उघड्या पोलादाला गंज धरतो. नायट्रोजनही वर्षभर जिथल्या तिथे राहत नाही, कणाकणाने निसटतो. म्हणून ठरलेल्या मुदतीने उभ्या तोफेला व्यायाम द्यायचा असतो. नळी मागे ओढायचं खास साधन लावायचं, ती हळूहळू मागे घ्यायची आणि ताब्यात ठेवूनच पुढे जाऊ द्यायची. सीलची जागा हलते, तेल सगळीकडे फिरतं. नळी किती सहज येते-जाते, कुठे अडखळते, हे हाताला आणि कानाला कळतं.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. ठिकाण आणि युनिट सांगणार नाही. तोफा चांगल्या जाड ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. झाकल्यात म्हणून सगळे निश्चिंत. ताडपत्री वरून कोरडी, पण खालून जमिनीची वाफ अडकलेली. दीड महिन्याने उघडलं तर एका तोफेच्या पिस्टन रॉडवर क्रोमला मोहरीएवढा खड्डा. मोहरीएवढाच. फायरिंगच्या दिवशी दहाव्या-बाराव्या गोळ्याला त्या खड्ड्याच्या कडेने सील कापलं आणि तेलाची धार लागली. एवढ्याशा खड्ड्यासाठी अख्खी यंत्रणा उतरवून वर्कशॉपला पाठवावी लागली. ताडपत्री दर दोन दिवसांनी उघडून हवा दिली असती आणि रॉड पुसून तेलाचा हात फिरवला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माझ्यापाशी असेल ते सांगेन.


संपादक मंडळ, सोमवार, रात्री १०.१५

धागा चांगला आहे. सर्वांना विनंती: सध्या सेवेत असलेल्या तोफांचे दाब, तेलाची मापं, तैनातीच्या जागा असं काही लिहू नये. तत्त्व, इतिहास आणि जुन्या निवृत्त तोफा यांवर मोकळेपणाने बोलावं.


हवालदार टिफी, सोमवार, रात्री १०.२२

पूर्ण सहमत. मी स्वतःही तेवढ्यातच राहीन.


सांगलीचा मेकॅनिकल, मंगळवार, सकाळी ७.५०

सर, मी तिसऱ्या वर्षाला आहे. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ओरिफिस (द्रव जायचं अरुंद भोक) शिकलो, पण त्याचा असा उपयोग कोणी सांगितला नव्हता. प्रत्यक्षात ताकद किती असते? आणि रिकॉइल नसेल तर नेमकं काय होतं?


जुने नकाशे, मंगळवार, सकाळी ११.०५

हा हिशोब मी करतो, कारण यासाठी सर्वांत चांगलं उदाहरण माझ्या आवडत्या तोफेचं आहे: फ्रान्सची ७५ मिलिमीटरची १८९७ ची तोफ. जुनी आहे, तिचं सगळं जगजाहीर आहे.

गोळा साधारण ७ किलोचा आणि वेग सेकंदाला ५०० मीटर धरा. संवेग झाला ३,५००. नळी आणि तिच्याबरोबर सरकणारा भाग साडेचारशे किलो धरला तर नळी मागे येते सेकंदाला जवळजवळ ८ मीटरने. दारूच्या वायूचा धक्का यात धरलेला नाही, म्हणजे प्रत्यक्षात थोडा जास्तच. ऊर्जा सुमारे १४,४०० ज्यूल. आता ही नळी १.१ मीटरच्या अंतरात थांबवायची तर सरासरी बल येतं साधारण १,३०० किलोभाराएवढं. त्या तोफेचं वजन दीड टनाच्या आसपास. स्पेड, म्हणजे तोफेच्या मागच्या टोकाचा फाळ, मातीत रुतलेला असला की ती जागची हलत नाही. हीच नळी २ सेंटिमीटरमध्ये थांबवायला गेलात तर बल ७३ टनांच्या घरात जातं. म्हणून आधीच्या तोफा प्रत्येक गोळ्याला अख्ख्या मागे उडायच्या. त्या ढकलून जागेवर आणायच्या आणि नेम पुन्हा धरायचा.

आपल्याशी याचा धागा आहे. भारतीय तोफखाना २८ सप्टेंबरला गनर्स डे पाळतो, तो १८२७ साली मुंबई इलाख्यात उभ्या राहिलेल्या पाचव्या बॉम्बे माउंटन बॅटरीच्या स्थापनेचा दिवस. त्या बॅटरीच्या माणसांनी कित्येक दशकं खेचरांवर वाहायच्या अशाच उड्या मारणाऱ्या तोफा वापरल्या. डोंगराच्या चिंचोळ्या कड्यावर तोफ मागे उडते तेव्हा मागे जागा किती आहे, हा जिवाचा प्रश्न असतो.

लांब रिकॉइलची कल्पना मुळात जर्मन अभियंता कोनराड हाउसनर यांची. त्यांनी तिचं पेटंट १८९१ मध्ये घेतलं. जर्मनीत ती रुजली नाही. फ्रेंचांनी प्युतोच्या कारखान्यात गुप्तपणे काम केलं, देपोर यांनी सुरुवात केली, सँत-क्लेअर देविल आणि रिमाय्यो यांनी ते तडीस नेलं. नवी तोफ आली तेव्हा बाकीच्या सगळ्या सैन्यांच्या मैदानी तोफा जुन्या ठरल्या, त्या केवळ या दोन सिलिंडरांमुळे.


सांगलीचा मेकॅनिकल, मंगळवार, दुपारी १.३०

खूप आभार. मग मी पुढे केलं: एका गोळ्याला १४,४०० ज्यूल तेलात गेले आणि तेल समजा ५ किलो आहे, तर तापमान दर गोळ्याला दीड अंशाने वाढतं. साठ गोळे भराभर मारले तर नव्वद अंश! हे बरोबर आहे का?


हवालदार टिफी, मंगळवार, दुपारी ३.००

शाब्बास बाळा. हिशोब बरोबर, फक्त सिलिंडरचं पोलादही उष्णता खातं आणि वारा थोडी नेतो, त्यामुळे इतकं चढत नाही. पण लांब फायरिंगनंतर बफरवर हात ठेववत नाही हे खरं. आणि तुझ्या या दीड अंशावरच आमची निम्मी विद्या उभी आहे.

तेल तापलं की पातळ होतं. पातळ तेल त्याच भोकातून लवकर निसटतं, म्हणून नळी जरा लांब मागे येते. तेल फुगतंही. रिप्लेनिशरमध्ये जागा असेल तर काही नाही. पण एखाद्या उत्साही पोराने सकाळी थंड तोफेत काठोकाठ तेल भरलेलं असेल, तर दुपारी त्या फुगलेल्या तेलाला जायला जागाच उरत नाही आणि नळी पूर्ण पुढे जाऊन बसत नाही. दोन बोटं मागेच राहते. अशा वेळी लोकांना वाटतं वायू कमी झाला आणि ते नायट्रोजन भरायला धावतात. तेल जास्त आहे हे लक्षात येत नाही. भरलेलं ते चांगलं, ही समजूत पाण्याच्या टाकीला ठीक, रिप्लेनिशरला नाही.


तेलदाब, मंगळवार, रात्री ८.४५

काका, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. मी भोसरीला हायड्रॉलिक प्रेस आणि सिलिंडरच्या दुरुस्तीत गेली अकरा वर्षं आहे. तोफ जवळून पाहिलेली नाही, पण हा आजार माझ्या ओळखीचा आहे.

तेलाच्या स्वच्छतेबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे येणाऱ्या फाटलेल्या सीलपैकी बहुतेकांचं मूळ तेच निघतं. डोळ्याला न दिसणारा कण पिस्टन आणि भिंतीच्या मध्ये अडकला की प्रत्येक फेरीला एक रेघ ओढतो. ती रेघ म्हणजे तेलाला पळायला वाट. बादली उघडी ठेवणं, गाळणी न लावता ओतणं, सुती चिंधीने आतला भाग पुसणं, या तीन सवयींनी मी चांगली सिलिंडरं बाद झालेली पाहिली आहेत. चिंधीचे धागे सुटतात आणि ओरिफिसच्या तोंडाशी जाऊन बसतात. पुसायला धागा न सुटणारं कापडच हवं.

दुसरं, तेल बदलून चालत नाही. "हे पण हायड्रॉलिक, ते पण हायड्रॉलिक" हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. जुनी नैसर्गिक रबराची सीलं खनिज तेलात फुगतात, मऊ पडतात. नव्या रबराची काही सीलं दुसऱ्या प्रकारच्या तेलात आखडतात. दोन तेलं एकमेकांत मिसळली की त्यांतली गंजरोधक द्रव्यंही एकमेकांचं काम बिघडवतात.

आणि वायू नायट्रोजनच का, हे नव्या मुलांसाठी. साध्या हवेत ऑक्सिजन असतो आणि ओलही असते. तेलाची वाफ, ऑक्सिजन आणि झटक्यात वाढणारा दाब एकत्र आले की डिझेल इंजिनात होतं तेच होतं, ठिणगीशिवाय पेट घेतो. ऑक्सिजनचं नळकांडं चुकून जोडलं तर सरळ स्फोट. आमच्या शॉपमध्ये ॲक्युम्युलेटर (वायू दाबून ठेवायची टाकी) भरताना नळकांड्याचा रंग आणि नाव दोन माणसं वेगवेगळी तपासतात. एकाने बघितलं म्हणून दुसऱ्याने सोडायचं नाही.

तोफेत ओघळ आणि ओलावा यांत फरक करतात का? आमच्याकडे रॉडवर तेलाची पुसट ओल असणं चांगलं मानतात.


हवालदार टिफी, मंगळवार, रात्री ९.३०

ताई, तुमची भाषा आणि आमची एकच आहे. हो, फरक करतात. रॉडवर बोट फिरवलं आणि बोट चकचकीत झालं, तर सील काम करतंय, वंगण घेतंय. रॉड पूर्ण कोरडा दिसला तर मला उलट काळजी वाटायची. थेंब जमून पडत असेल तर ती गळती. त्यासाठी आमची साधी रीत: रात्री रॉड आणि ग्लँड (रॉडभोवतीचं पॅकिंग आवळणारी टोपी) कोरडी पुसायची, खाली स्वच्छ कागद ठेवायचा, सकाळी पाहायचं. कागदावर डाग किती आणि कुठे पडलाय यावरून सील गेलंय की नुसतं पॅकिंग ढिलं आहे, याचा अंदाज येतो. ग्लँड आवळायचा मोह होतो. थोडं आवळलं की थेंब थांबतो, पण पॅकिंग रॉडला इतकं घट्ट धरतं की नळी परत जाताना रेंगाळते. थेंब थांबला आणि तोफ आजारी पडली, असं होतं.


बर्फातला गनर, बुधवार, सकाळी ६.२०

टिफी साहेब, जय हिंद. मी तोफखान्यातला, नंबर वन, म्हणजे एका तोफेवरच्या तुकडीचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. १९९९ ला कारगिलच्या बाजूला होतो. तोफेबद्दल बोलत नाही, थंडीबद्दल बोलतो.

मैदानात वीस अंशाला वायू भरून तोफ वर नेली आणि पहाटे उणे वीस झालं, तर दाब आपोआप घटतो. केल्व्हिनमध्ये मांडा: २९३ वरून २५३. म्हणजे जवळपास १४ टक्के कमी, कुठेही गळती नसताना. नवा माणूस गेज बघतो आणि वायू गळला असं समजून भरतो. मग दुपारी ऊन लागलं की दाब जास्त, नळी धाडकन पुढे येते. म्हणून तापमानाचा तक्ता हातात असल्याशिवाय गेजकडे बघूच नये. उलट राजस्थानात उन्हाळ्यात पन्नास अंशाला तोच दाब दहा टक्क्यांनी वर असतो.

तेल थंडीत घट्ट होतं. पहिल्या गोळ्याला नळी कमी मागे येते आणि परत जायला वेळ घेते. बघणाऱ्याला वाटतं किती छान, धक्काच नाही. पण कमी अंतरात थांबली म्हणजे तेवढं जास्त बल ट्रेलवर (तोफेच्या मागच्या टेकूवर) आणि क्रेडलवर आलंय. शक्य असेल तेव्हा पहिले गोळे हलक्या चार्जवर, म्हणजे कमी दारूवर, मारून तेल जागं करायचं, मग पुढे.

आणि बर्फ. नळी जिच्यावरून सरकते त्या स्लाइडवर रात्री दव पडून गोठतं. ग्रीस जास्त फासलेलं असेल तर त्यातच बर्फाचे कण धरून राहतात. आम्ही पहाटे आधी स्लाइड हाताने चाचपायचो, हातमोजा काढून. बोटं सुन्न व्हायची, पण हातमोज्याला कळत नाही ते बोटाला कळतं.


हवालदार टिफी, बुधवार, सकाळी ८.१०

जय हिंद साहेब. तुमच्यासारखा नंबर वन असला की टिफीचं काम निम्मं होतं. वाळवंटात हेच उलट्या कारणाने. ग्रीस आणि वाळू एकत्र आली की लोहारकामातली घासायची पेस्ट तयार होते. तिथे स्लाइडवर अगदी पातळ थर आणि दर थांब्याला पुसणं, एवढंच.


उत्तरेचा वारा, बुधवार, दुपारी २.४०

नमस्कार, मी एडिनबरात राहते, मूळची कोल्हापूरची. इथे किल्ल्यावर रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज दुपारी एकला तोफ उडते. १८६१ पासूनची प्रथा आहे, बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून सुरू झालेली. १९५३ पासून २००१ पर्यंत तिथे २५ पौंडी (साधारण तेवढ्या वजनाचा गोळा फेकणारी तोफ) होती, आता १०५ मिलिमीटरची लाइट गन आहे. मी मुलाला घेऊन बऱ्याचदा जाते. माझा प्रश्न: रोज उडते म्हणजे तिला व्यायाम आपोआप होत असेल ना? नळी फारशी मागे आलेली मात्र मला कधी दिसली नाही.


हवालदार टिफी, बुधवार, सायंकाळी ६.०५

ताई, तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे. सलामीला रिकामं काडतूस असतं, पुढे गोळा नसतो. पुढे जाणारं वजनच नाही म्हटल्यावर मागे ढकलणारं बल कुठून येणार? आवाज, धूर, ज्वाळा सगळं असतं, पण नळी जेमतेम हलते. म्हणून सलामीची तोफ रोज वाजली तरी रिकॉइल यंत्रणेच्या दृष्टीने ती जवळपास उभीच असते. सीलचा तोच भाग, रॉडचा तोच तुकडा. अशा तोफांना वेगळा व्यायाम द्यावाच लागतो.

दिल्लीतही २६ जानेवारीला २१ तोफांची सलामी राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत बसवतात. २०२३ पर्यंत तिथे ब्रिटिश काळातल्या २५ पौंडी होत्या. त्या वर्षी पहिल्यांदा आपल्या बनावटीच्या १०५ मिलिमीटर इंडियन फील्ड गन आल्या. ते पाहताना लोक कदाचित रणगाडे-विमानांची वाट बघत असतील. मी त्या जुन्या २५ पौंडींचा विचार करत होतो. १९३० च्या दशकातली रचना, इतक्या वर्षांनंतर सेकंदाच्या हिशोबाने चालत होती. त्यामागे दर वर्षी कोणीतरी सील बदलत होतं, तेल गाळत होतं.


पाषाणचा वाटाड्या, बुधवार, रात्री ९.१५

माहिती छान आहे, पण आता हे किती लागू? पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एटॅग्ज या नव्या तोफेत इलेक्ट्रिक ड्राइव्ह आहे, मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला. सगळं सेन्सरवर येणार. कागद ठेवून थेंब मोजायचे दिवस संपले असं वाटत नाही का?


तेलदाब, बुधवार, रात्री ९.५०

मी थोडी असहमत आहे. इलेक्ट्रिक ड्राइव्ह आलाय तो तोफ वळवण्यासाठी, उचलण्यासाठी, गोळा चढवण्यासाठी. नळीचा धक्का जिरवायला आजही तेल आणि वायूच लागतात, कारण सेकंदाच्या अंशात एवढी ऊर्जा झेलणारं याहून साधं आणि भरवशाचं काही नाही. सेन्सर दाब सांगेल. रॉडवर मोहरीएवढा खड्डा पडलाय हे तो सांगणार नाही, सील कापल्यावर सांगेल. आमच्या प्रेसवर सगळे सेन्सर आहेत, तरी सकाळी पहिली पाहणी टॉर्च आणि कापड घेऊनच होते.


जुने नकाशे, गुरुवार, सकाळी १०.३०

देखभालीकडे रचनेच्या बाजूनेही बघायला हवं, त्यासाठी एक खरी घडलेली गोष्ट. ब्रिटिशांची १८ पौंडी तोफ, १९०४ ची. तिच्या नळीच्या वर रिक्युपरेटर होता, पण वायूचा नाही, स्प्रिंगांचा. स्प्रिंग साधी, वायू गळायची भीती नाही, म्हणून निवडलेली. शांततेच्या काळात उत्तम चालली. १९१४ नंतर त्याच तोफांना दिवसाला शेकडो गोळे मारावे लागले आणि स्प्रिंगा मोडू लागल्या. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या वेळी, १९१६ मध्ये, ही मोठी डोकेदुखी झाली. मोडलेल्या स्प्रिंगेची नळी परत पुढे जात नाही, मग माणसं हाताने ढकलून पुढे नेत. अखेर तेल-वायूचा रिक्युपरेटर तयार केला. त्यातली खुबी मला फार आवडते. तो जुन्या स्प्रिंगेच्याच घरात बसेल अशा मापाचा केला होता, म्हणजे तोफ मागे कारखान्यात न पाठवता आघाडीजवळच बदल करता येई. त्या काळच्या फोटोंत नळीच्या वरच्या भागाला दोरखंड गुंडाळलेला दिसतो. तो शोभेला नाही, गोळ्यांच्या तुकड्यांपासून रिक्युपरेटर वाचावा म्हणून.

बनवणंही सोपं नव्हतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने फ्रेंच १५५ मिलिमीटर तोफांच्या रिकॉइल यंत्रणा करायचं काम डॉज बंधूंना दिलं, जे मोटारी करत. त्यासाठी डेट्रॉइटला वेगळा कारखाना उभारावा लागला. आतली भोकं इतकी सरळ आणि गुळगुळीत हवी होती की हाताच्या कसबावर चालणारं ते काम यंत्रावर आणायला नवी यंत्रंच बनवावी लागली.


सांगलीचा मेकॅनिकल, गुरुवार, दुपारी ४.१५

टिफी सर, एकच शेवटचं. फायरिंगच्या दिवशी तुम्ही नेमकं काय बघायचा? क्रमाने सांगाल का?


हवालदार टिफी, गुरुवार, रात्री ९.००

क्रम पुस्तकात असतो आणि तो पाळायचाच. मी माझी नजर कुठे असायची ते सांगतो.

पहिला गोळा सुटायच्या आधी रॉड, ग्लँड, रिप्लेनिशरची खूण, वायूचा दाब तापमानाशी ताडून, स्लाइडवर हात, आणि क्रेडलच्या आसपास कोणी हत्यार-कापड विसरलंय का. नळीच्या मागे माणूस नको. हे शेवटचं मी सगळ्यात आधी बघायचो.

पहिला गोळा सुटला की सगळे गोळा कुठे पडला ते विचारतात. मी रिकॉइल मोजायच्या पट्टीकडे बघायचो. क्रेडलला पट्टी असते आणि एक सरकता काटा. नळी तो काटा मागे ढकलून नेते, परत जाताना काटा तिथेच राहतो. किती मागे आली ते त्यावर वाचायचं, लिहायचं, काटा पुन्हा पुढे सारायचा. प्रत्येक गोळ्याला. एकटा आकडा फार बोलत नाही, ओळीने दहा आकडे बोलतात. हळूहळू वाढत गेले तर तेल तापतंय, ते अपेक्षितच आहे. अचानक उडी मारली तर तेल कमी झालंय, तेलात हवा शिरली आहे, नाहीतर आत काही झिजलंय. अचानक कमी झाला तर स्लाइड कोरडी पडली असेल किंवा काहीतरी अडतंय. तेलातली हवा दिसत नाही, पण तिच्यामुळे नळी सुरुवातीला मोकळी धावते आणि शेवटी आदळते. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

परत जाताना नळीचा वेग कानाने कळतो. मऊ "धप्" असा शेवट हवा. खणखणीत लोखंड वाजलं तर पुढचा अडसर काम करत नाही किंवा वायू जास्त आहे. नळी जास्त उचललेली असताना परत जायला वायूला चढावर ढकलावं लागतं, म्हणून वायू कमी असला तर तो दोष आधी तिथे दिसतो.

फायरिंग संपलं की लगेच तेल भरायचं नाही. तोफ थंड होऊ द्यायची. गरम तेलाची पातळी फसवते. रॉड पुसून हलका तेलाचा हात, स्लाइड साफ, आणि तोफेच्या हिस्ट्री शीटमध्ये नोंद. थकलेल्या पोरांना ही नोंद सगळ्यात नकोशी वाटते. मी त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यायचो.


साताऱ्याची लेक, शुक्रवार, रात्री १०.५०

काका, मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझे बाबा तोफखान्यात हवालदार होते, नंबर वन. तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पेटीत एक खिशात मावेल एवढी वही आहे. पानांवर नुसते आकडे, वर "रि." असं लिहिलेलं. आम्हाला वाटायचं पैशांचा काही हिशोब असावा. तुमचा कालचा प्रतिसाद वाचला आणि वही काढली. एका पानावर आहे: ४०, ४०, ४१, ४१, ४१, ४२, ४२, ४६. त्यानंतर लाल पेनाने आडवी रेघ. हे तेच आहे का?


हवालदार टिफी, शुक्रवार, रात्री ११.२०

पोरी, तेच आहे. इंच असावेत. तोफ कोणती ते इथे लिहू नकोस.

सात गोळे तुझ्या बाबांनी तेल तापताना पाहिलं, एकेक इंच. ते त्यांना मान्य होतं. आठव्याला चार इंचांची उडी बसली. ठरलेल्या मर्यादेच्या आत असेलही, पण त्यांनी रेघ मारली म्हणजे फायर थांबवलं आणि टिफीला बोलावलं. असा आकडा बघून थांबायला हिंमत लागते, कारण मागून रेडिओवर पुढचा गोळा मागत असतात. नववा गोळा मारला असता तर काय झालं असतं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण त्या तोफेच्या मागे आठवा आकडा बघून थांबणारा माणूस होता. रेघेच्या खाली काही आहे का?


साताऱ्याची लेक, शुक्रवार, रात्री ११.३५

आहे. "तेल. हवा काढली. ४ वा. पुन्हा चालू." आणि खाली परत ४०, ४०, ४१.